सातवा भाग

निपाणीच्या बाहेर, हायवेला लागून आमचा काटा.
रात्रपाळीला मी बिलं काढतो,
शिवपुत्र हिरेकोडी गाड्या लावून घेतो:
मागं, मागं, आणि जरा, बस्स.
आधी भरलेली गाडी, मग रिकामी,
वजाबाकी म्हणजे माल.
दोन ते चार कुणी फिरकत नाही.
तेवढ्यात आम्ही जपानला जाऊन येतो.

कोल्हापूरच्या रद्दीत सापडलेले आठ भाग:
एक ते सहा, आठ आणि नऊ.
पहिल्या रात्री त्यानं डावीकडनं सुरू केलं.
"हे काय ओ, पोरगी आधी म्हातारी आणि मग शाळेत?"
मी पुस्तक उलटं करून हातात दिलं.
"असं सांग की मग," म्हणाला,
आणि उजाडेपर्यंत बोलला नाही.

गोष्ट एका नावाडणीची. एक डोळा नाही तिला.
मेलेल्यांना पलीकडं सोडते, भाडं म्हणून
प्रत्येकाच्या जिभेवरची एक चव काढून घेते.
सहाव्याच्या शेवटी तिनं
पांढऱ्या कोटातल्या माणसाचा गळा धरलेला.
आठव्यात तोच माणूस
तिच्या होडीला डांबर लावत बसलाय.
मधलं आमच्याकडं नाही.

"माफ केलं तिनं."
"कशाला करंल? भावाला बुडिवलाय तिच्या.
हरला तो. हरला म्हणून डांबर लावतोय."
"हरलेला माणूस असा लावत नाही रे,
बघ, फटीफटीत बोट घालून लावतोय."
"बघितलो की मी. खरं तिचं तोंड कुठं दाखवलाय?
चार पानं नुसती पाठ.
चितारणाऱ्यालाच लाज वाटल्या."

समासात तो कानडीत लिहितो, शिसपेन्सिलनं.
शाळेतल्या तिसऱ्या भाषेच्या जोरावर
मी ते अडखळत वाचतो,
खाली माझं मराठीत लिहितो.
तिसऱ्या भागात एक म्हातारा कोळी आहे,
अख्खं पान नुसता पाण्याकडं बघतो.
तिथं दोघांनीही, एकमेकांचं न बघता,
एकच शब्द लिहिलाय, दोन लिप्यांत:
भारी.

मोबाईलवर मात्र आमचं जमत नाही.
एक इअरफोन त्याच्या कानात, एक माझ्या,
आणि त्याच कोळ्याच्या मागं व्हायोलिन.
मी म्हणालो, वाट लावली.
तो म्हणाला, "पाण्याला आवाज नको काय?
तू कधी नदीवर गेलाईस का नाही?"

नोव्हेंबरात एकदा बंद होता.
दोन्हीकडच्या बसा आपापल्या बाजूला उभ्या,
हायवे इतका मोकळा की कुत्री मधोमध झोपलेली.
त्या रात्री आम्ही कडाक्यानं भांडलो,
नवव्या भागातल्या एका पुलावरनं.
तीन दिवस तो माझ्याशी
फक्त ट्रकच्या नंबरांत बोलला.

मग सातवा आला.
बेंगळुरूहून येणाऱ्या एका ड्रायव्हरच्या सीटखालून,
कांद्याचा वास घेऊन.
आम्ही दोघं एका खुर्चीत.
काय असावं त्यात?
तीन दिवसांचं धुकं. मेलेलं कुणी येत नाही.
तो मासे साफ करतो, ती चूल फुंकते,
मीठ कमी पडतं, त्यावर पाच पानं.
माफी नाही. हार नाही.
गळ्यावरचा हात कुठं सुटला
ते चितारलेलंच नाही.

शिवपुत्रानं पानं मागं घेतली, पुन्हा मागं,
आणि दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीवर
बोट ठेवलं.
"हितं सुटला बघ."
मी बघितलं. होय, तिथंच.
पेन्सिल त्याच्या कानावर होती. काढली नाही.

बाहेर गेला, फलाटाच्या बरोब्बर मध्ये
पुस्तक ठेवलं, आणि ओरडला, "किती?"
मी आकड्याकडं पाहिलं.
"शून्य."
"काटा बिघडलाय," म्हणाला.
मागं उसाचा ट्रॅक्टर येऊन थांबलेला,
दोन ट्रॉल्या, हॉर्नवर हॉर्न.