विषय क्रमांक सात

पर्वरीतल्या तिसऱ्या मजल्यावर
पंखा फिरला की नकाशाचा कोपरा उचलला जातो.
मी त्यावर पंचिंग मशीन ठेवते.
त्याच कोपऱ्यात खाजन आहे, फिकट हिरवं,
साडेचार हेक्टर.

बिल्डरचा माणूस थर्माकोलची वसाहत घेऊन आलाय.
बहात्तर घरं, बोटाएवढे माड
आणि चकचकीत निळ्या कागदाचा पोहायचा तलाव.
अध्यक्ष वाकून बघतात. छान, म्हणतात.
रस्ता सहा मीटर. सांडपाणी: प्रस्तावित.

हरकत एकच. इनासियो फेर्राव, मानशेकार.
बांधातलं दार उघडण्या-मिटण्यात
त्याच्या घराची चौथी पिढी.
कागद?
कागद नाही.
घड्याळाकडे न बघता तो म्हणाला, भरती सव्वाचारला.
कुणीतरी हसलं. आर्किटेक्टने मात्र
टेबलाखाली मोबाइलवर बघितलं.
चार सतरा.

मग इनासियोने निळ्या कागदावर बोट टेकलं,
विचारलं, हें उदक खंय वतलें?

इतिवृत्त मी लिहिते.
'हरकतीची नोंद घेतली' असा शिक्काच आहे आमच्याकडे.
मारला. शाई जरा पसरली.
विषय पुढल्या बैठकीवर गेला,
कारण चवथ दोन दिवसांवर, आणि दोघा सदस्यांना
माटोळीचं सामान आणायला म्हापशाला जायचं होतं.

संध्याकाळी खोली आवरताना पाहिलं,
कुणाचा तरी चहा सांडलाय वसाहतीत.
बहात्तर घरांमधून मुंग्यांची रांग
तलावाच्या काठाकाठाने, न थांबता.
फडकं हातात होतं.
दिवा मालवून निघाले.