कलम अकरा

पणजीचा टायपिस्ट विचारतो, पात्रांव, जुनाच मसुदा ना?
जुनाच.
अकरा महिने, दोन महिन्यांचं डिपॉझिट,
विजेचं बिल भाडेकरूनं भरायचं,
आणि कलम अकरा:
कसलंही जनावर आणायचं नाही.

हे कलम माझं, वकिलाचं नव्हे.
वरच्या खोलीला सागवानी दार आहे,
बापानं चोडणहून होडीत घालून आणलेलं.
शिवाय बायकोचा दमा.
(बायको म्हणते, माझा दमा पुढं करू नका.
जत्रेत फटाक्यांच्या धुरात उभी असते,
तेव्हा नाही आठवत तुम्हाला.)

एकतीस वर्षं मी फेरीबोटीवर होतो.
कोंबड्यांची खुराडी गेली, गाभण शेळी गेली,
एकदा आजारी डुक्कर, गोणपाटात गुंडाळलेलं,
मालकाच्या मांडीवर.
कुणाचंच तिकीट मी फाडलं नाही.
पण तो सरकारचा पत्रा होता. हे माझं दार.

विदिशा गावस वाळपईकडची,
बांबोळीच्या इस्पितळात रात्रपाळी.
कलम अकरापाशी तिचं पेन थांबलं,
एवढंच. मग सही.
आठव्या रात्री वरून आवाज:
खर्र. जरा थांबून, खर्र.
उंदीर, म्हणाली बायको, माझ्याकडे न बघता.
असेल, म्हणालो मी.
असला उंदीर पहिल्यांदाच ऐकला
जो सकाळी सव्वाआठला स्कूटर ओळखतो
आणि जिन्यावर पाऊल पडायच्या आत गप्प होतो.

तिसऱ्या महिन्यात दिसली.
गॅलरीच्या कठड्यातून नुसतं नाक, मग एक चिरलेला कान.
उकड्या पेजेच्या रंगाची. नावही पेजच.
मी पेपर वर धरला.
तिनंही बहुधा मला पाहिलं नाही असं ठरवलं.

विदिशाच्या आधीचा सज्जन गुडगावचा.
कुत्रं नाही, मांजर नाही, काचेतला मासासुद्धा नाही.
टाइल्सना चौदा भोकं पाडून, सिंक तुंबवून,
बिल न भरता एका रविवारी गेला.
कुठलंच कलम त्याला चावलं नाही.
आणि हेही खरं, की एर्मेलिंदबाईंच्या नातवाला
त्यांच्या भाडेकरूचा कुत्रा चावला,
सात टाके,
वर तो म्हणत राहिला, खेळतो हो फक्त.
भीती काही मी घरी बसून तयार केलेली नाही.

विदिशाची बदली मडगावला झाली.
जाताना किल्ली दिली आणि एक पाकीट.
दाराचे, म्हणाली. दोन हजार.
मी नको म्हणायला हवं होतं.
मोजून घेतले.

सुतार आला, दारापाशी बसला.
ओरखडे सगळे गुडघ्याखाली, वर एक नाही.
बोट फिरवत म्हणाला, लांबी भरतो, पॉलिश मारतो,
कुणाला कळणारसुद्धा नाही.
पुढच्या आठवड्यात ये, म्हणालो.
हे त्याला आता तिसऱ्यांदा.

परवा दुपारी वर गेलो. दार आतून लावलं.
सत्तरीचा माणूस, कुणी पाहिलं असतं तर डॉक्टर बोलावला असता,
गाल कोब्याला लावून आडवा झालो.
दाराखालच्या फटीतून जिन्याची पायरी दिसते.
एकच.
तिच्याकडं बघत कुणीतरी रोज दहा-बारा तास काढले,
आणि मी खाली पंखा वाढवून झोपलो.

काल फोन आला. दबका आवाज, नवाच माणूस.
आधीच सांगतो, म्हणाला, मांजर आहे एक,
म्हातारी, एका डोळ्याची.
बघतो, म्हणालो.

टायपिस्टला म्हणतो, अकरा काढ.
मग बाराचं अकरा करू?
नको. आकडा राहू दे, पुढं मोकळं सोड.
असं चालत नाही, पात्रांव,
तिथं उद्या कुणी काहीही लिहील.
लिहू दे.

दोन हजार अजून बिस्किटांच्या डब्यात आहेत.
मडगावची बस या दुकानासमोरूनच जाते,
दर पंधरा मिनिटांनी.