तीन वाजताची चौकट

मोखोतलोंगला जुलैत बर्फ पडला की
रस्ता आधी पांढरा होतो, मग नसतोच.
त्या रात्री डॉक्टर बर्फाच्या पलीकडे होते,
फोनमध्ये, तुटक तुटक:
मॅग्नेशियम सुरू करा, दर तासाला बघत राहा.
ऐकलं ते मी परत म्हणून दाखवलं.
हो म्हणाले, आणि लाइन गेली.
तोंडी आदेश, वेळ अकरा दहा, खाली माझी सही.

खाटेवर खाहलिसो, एकोणीस वर्षांची,
कालच बाळंत झालेली.
पाय सुजून खांब झालेले, झटक्यात ओठ चावलेला.
नवरा सरहद्दीपलीकडे खाणीत.
सासूने बाळ स्वतःपाशी नेलं होतं
आणि अंगावरचं ब्लँकेट मागे ठेवलं होतं,
मक्याची कणसं विणलेलं.

मॅग्नेशियम झटके थांबवतं.
जास्त झालं तर आधी गुडघा थांबतो,
मग श्वास.
म्हणून तासातासाला गुडघ्यावर हातोडी,
मिनिटभर छातीवर नजर,
लघवी किती, घड्याळात किती.
बारा. एक. दोन.
दर वेळी पाय हवेला लाथ मारायचा
आणि मला बरं वाटायचं.

अडीचला रेलेबोहिलेला घोड्यावरून आणलं.
बाळाचं पाऊल आधी दिसत होतं.
खोल्या दोन, मधे भिंत,
आणि मी.
भिंतीपलीकडचा थेंब ऐकू येत नव्हता,
पडतोय हे ठाऊक होतं.

चाराला पाच कमी असताना परतले.
हातोडी मारली. पाय हलला.
श्वास चौदा.
भिंतीला टेकून उभी राहिले जराशी,
हात धुवायचेही राहिले होते.

सहाला मे माकोपानो आली,
बुटांवरचा बर्फ झटकत.
तक्ता पाहिला. तीनची चौकट कोरी.
शेगडीवर हात धरून म्हणाली,
सोळा लिही. सगळ्यांचे श्वास सोळाच असतात.
चारला जिवंत होती ना?
मग तीनलाही होतीच की.

वाईट बाई नाही ती.
नाळ बांधायला मला तिनेच शिकवलं.
आणि तिचा असा एक सोळा
मी पूर्वी पाहिलेला आहे,
पाहून पान उलटलेलं आहे.

मासेरूत शिकताना पाठ केलं होतं:
जे लिहिलं नाही, ते केलं नाही.
लिहिलं म्हणून केलेलं होतं का,
ते परीक्षेत कधी आलं नाही.

मी एक लिहिला.
पुढे सहा यायचा होता.

खाडाखोड करायची नाही, पांढरी शाई नाही,
पान फाडायचं नाही.
चुकीवर आडवी एकच रेघ,
खालचं वाचता येईल अशी.
शेजारी सही.
तो एक अजून आहे तिथे रेघेखाली,
उद्या कुणी चौकशीला आलं
तर विचारता येईल असा.
पुढे लिहिलं:
तीन वाजता पाहिलं नाही. दुसऱ्या खोलीत प्रसूती.
परिचारिका एकच. पुसेलेत्सो.
यातलं शेवटचं वाक्य कारण आहे की सबब,
मला अजून ठरवता आलेलं नाही.

मे माकोपानोने वाचलं. काही बोलली नाही.
चहा एकटीपुरताच केला.

खाहलिसो काही तक्ता वाचणार नव्हती.
नऊला तिला नीट जाग आली.
स्टूल ओढून बसले, सांगितलं:
रात्री जवळजवळ दोन तास
तुझ्याकडे कुणी पाहिलं नाही.
मी पाहायला हवं होतं.

ती छताकडे बघत राहिली.
ब्लँकेटचा एक धागा बोटाला गुंडाळला,
सोडला.
म्हणाली, मी हाक मारली होती.

मग बऱ्याच वेळाने,
पलीकडे काय झालं?
मुलगी.
रडत होती खूप, ती म्हणाली,
मला वाटलं माझंच.

मी उठले. पेन शोधलं.
तक्त्यात आणखी एक ओळ घातली:
रुग्ण सांगते, रात्री हाक मारली.
वेळ तिला ठाऊक नाही.