उपाशीपोटी

शनिवारी साडेसहालाच बाकडी भरतात.
काल रात्रीपासून कुणाच्या पोटात काही नसतं,
आणि उपाशी माणसाला खोटं बोलायचा कंटाळा येतो,
हे पारामारिबोत बावीस वर्षं शिरा शोधून मला कळलंय.

फॉर्मवर एक रकाना : वंश.
हिंदुस्तानी, जावानीज, क्रिओल, मरून, चिनी.
तळाशी ‘मिश्र’. तिथे पेन सगळ्यात जास्त वेळ थबकतं.
मीही तिथेच खूण केली असती; पण मला आश्रमातून आणलेलं,
ताडून बघायला माझ्याकडे दुसरी नळीच नाही.

यंत्र गरगरून थांबतं.
खाली लाल, वर सुकल्या गवताचं पिवळं.
कोण कुठल्या बोटीतून आलं, वरून ओळखू येत नाही.
घर मात्र ओळखू येतं.

वाइनगार्ड मायलेकींचं वाटणीवरून बोलणं बंद.
एक दाराशी बसते, एक खिडकीशी.
आकडे मांडीला मांडी लावून : सहा पॉइंट चार, सहा पॉइंट चार.
क्रोमोदिमेजो भाऊ तिघे, तिघांची तीन नाकं,
आणि पाचाच्या आसपास एकच शांत रक्त.
खाण तशी माती म्हणावं,
तर थोरल्याची बायको, चिनी दुकानदाराची मुलगी,
चाळीस वर्षं त्याच कढईतलं खाऊन
हळूहळू त्याच आकड्याला येऊन टेकलेली.

मग रामजियावनांचा राधेश.
एकोणीस वर्षांचा, वेतासारखा. तेलाला शिवत नाही म्हणाला.
आठ पॉइंट तीन.
मी पुन्हा लावून पाहिलं.
आठ पॉइंट तीन.
बुबुळाभोवती, चंद्राला पडतं तसं, फिकट खळं.

बाप?
निकेरीच्या भातखाचरात, ट्रॅक्टरवर बसल्याबसल्या गेला,
एकेचाळिसाव्या वर्षी. हा तेव्हा पोटात.

गोळ्यांचं डॉक्टर सांगतील. मी एवढंच म्हटलं,
हे ताटातलं नाही, वडिलांकडचं दिसतंय.

घाबरेल वाटलं होतं.
“सगळे म्हणतात मी आईवर गेलोय,” म्हणाला,
“नाक, रंग, चालणंसुद्धा.”
आणि कागदाकडे असा बघत राहिला
जसा कुणी फोटो सापडवून दिला.

बाहेर कोपऱ्यावर तळलेल्या केळ्यांची गाडी.
त्याने मागितलं, पैसे दिले,
कागदी पुडी हातात धरून नुसताच उभा राहिला,
तेलाचा डाग कागदावर पसरत होता.

मी पुढचं नाव पुकारलं.