तीन मायक्रॉन

पिंगळे बाईंनी फळ्यावर जिना काढला होता.
तळाशी पेशी, वर ऊती, मग अवयव, संस्था, सजीव,
आणि खडू संपत आला तेव्हा घाईघाईने
समष्टी, समुदाय, परिसंस्था.
"खालून वर चढायचं," बाई म्हणाल्या.
अवयव म्हटलं की मला बीजगणितच आठवायचं:
पाडायचे असतात ते.

रास अल खैमाच्या या प्रयोगशाळेत वीस वर्षं
मी अवयवच पाडते आहे.
जिना वरून खाली.
माणूस इथे येतच नाही,
येते ती फॉर्मॅलिनची बाटली, क्रमांक लावून.
आतलं मेणात बसवायचं, पात्यावर धरायचं,
तीन मायक्रॉनचा पापुद्रा कोमट पाण्यावर सायीसारखा तरंगतो,
तो काचेवर अलगद उचलायचा.
एवढंच माझं कसब. शिंक आली तर गेलं.

२२१७ मूत्रपिंडाचा होता.
सुतळीतून सुटलेल्या धाग्याएवढा, दीड सेंटिमीटर.

ऑगस्टातल्या एका दुपारी २२१७ खिडकीशी येऊन उभा राहिला.
पायात रबरी चप्पल, नखांत वाळलेला राखाडी चिखल.
बिल्ल्यावरचं माझं आडनाव वाचून धीर केला असावा.
"मॅडम, माजो तुकडो परत गावतलो काय?"

लवू आरोंदेकर, वय एकेचाळीस.
खाडीत तिवराची रोपं लावायच्या कामावर.
ओहोटी घड्याळ बघत नाही,
आणि चिखलात मुतारी नसते,
म्हणून पाणी बेतानं प्यायचा. सहा वर्षं.

"परत लावता येत नाही तो," मी म्हटलं.
"रोप लागता, मगे ह्या कित्याक नाय?"
मला उत्तर सुचलं नाही.
बाहेरच्याला आत घ्यायची परवानगी नाही.
मी दार उघडलं.

भिंगाला डोळा लावून तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, "सुकतीचो चिखल.
ही बघा कुर्ल्यांची बिळां."
वीस वर्षं मी तिथे केशिकांचे गुच्छ बघत आले.
बिळं कधी दिसली नव्हती.
"आणि ही बुजली कशान?"

अकरांपैकी सात.
गुळगुळीत, गुलाबी, कणकेच्या गोळीसारखी.
ते सांगायचं काम डॉक्टरांचं.
मी म्हटलं, कधीकधी रंग नीट बसत नाही.
रंग उत्तम बसला होता.
चिखल ओळखणाऱ्या माणसाने नुसती मान हलवली,
पुन्हा डोळा लावला.
"ह्या सगळा माज्या आत आसा?"
इतक्या हौसेनं विचारलं त्यानं
की पिंगळे बाईंच्या वर्गात परत जाऊन
हात वर करावासा वाटला मला.
काय विचारणार होते, ठाऊक नाही.

सप्टेंबरात तो गावी गेला.
डायलिसिसची सोय सावंतवाडीला आहे म्हणे.

एका शनिवारी मी खाडीवर गेले.
रोपांची रांग; मधलं मधलं मेलेलं.
तिवर मीठ पानांतून बाहेर टाकतो, हे पाठ होतं,
पान कधी जिभेला लावलं नव्हतं.
खाली बिळंच बिळं. मोजायला बसले.
चारशेच्या पुढे नाद सोडला,
कारण उघडी कुठली आणि बुजलेली कुठली
यावरून माझंच माझ्याशी भांडण व्हायला लागलं.
एक बगळा माझ्याकडे
नमुना बघावा तसं बघत होता.

ब्लॉक दहा वर्षं जपायचा आमचा नियम आहे.
कप्पा चौदा. डावीकडे फिलिपिनो परिचारिकेचा तीळ,
उजवीकडे कुणा मोठ्या घरच्या आजोबांचं पित्ताशय.
समुदाय: एका जागी राहणारे,
एकमेकांची भाषा न येणारे.
व्याख्या बाईंची नाही, माझी आहे.

परवा लवूचा फोन आला.
आवाज बारीक झालाय, पण हौस तीच.
तुकडा आहे, सांगितलं. सुखरूप आहे.
थोडं थांबून त्यानं विचारलं,
"पाणी घालतास मा?"