काहीच झालं नाही

नाव होतं म्हणे त्याला, समुद्रात असताना.
आमच्यापर्यंत येईस्तोवर गळून पडलं,
तेलंगणाच्या पलीकडंच कुठंतरी.
रेडिओवर नुसतंच : कमी दाबाचा पट्टा.
समुद्र आम्ही पाहिलेला नाही.
त्याचं पाणी तेवढं पाहिलं,
दोन रात्री माळवदावर धो धो उभं.

तेरणा शाळेच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आली,
मास्तरांनी खडूनं रेघ मारली तिथं,
आणि ती उतरली.
तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. इतकं लख्ख
की सगळी गल्ली म्हणाली, सुटलो.

मामंजी म्हणाले, आता खरं.

भिंत पावसात पडत नसती, म्हणाले,
पाऊस पोटात धरून बसती ती
आन् उनात सोडती.
पोराच्या कपाळाला लावावा तसा
तळहात लावला त्यांनी भिंतीला,
एकदा उंबऱ्यापाशी, एकदा देवळीखाली,
आणि बाज बाहेर काढली.
त्र्याण्णवला ज्या हातांनी दगड उपसले
त्या हातांशी कोण हुज्जत घालणार?

नऊ रात्री शाळेच्या व्हरांड्यात निजलो.
लोक हसले. हसू दिलं.

हापशाचं पाणी चहासारखं.
चौपदरी लुगड्यातून गाळायचं,
उकळी फुटली की शंभर मोजायचे,
छबूताईनं दिलेले थेंब घालून
अर्धा तास झाकण उचलायचं नाही.
तुराट्या ओल्या, डोळ्यांत धूर,
साठ-सत्तरलाच वाटायचं, बास की आता.
बश्या म्हणायचा, ह्या पाण्याला दवाखान्याचा वास येतो.
म्हटलं, इथंच घे तो वास.

पिठाचा डबा वरून कोरडा होता,
तळाशी हात घातला तर गार.
खैरूनबी म्हणाली, उन्हात वाळव की गं,
दळणाचे पैसे काय झाडाला लागतात?
मी उत्तर दिलं नाही, खड्डा खणला.
थोड्या वेळानं ती आली, तिचा डबा कमरेवर.
एकाच खड्ड्यात दोन घरांच्या भाकरी.
माती ओढली,
तरी पाय निघेनात दोघींचे तिथून.

बोर्डाच्या बटणांवर चिकटपट्टी लावली.
बश्यानं तिच्यावर कवटी काढली, धोका लिहिलं,
पण कवटीचे दात हसरे.
शिवलिंग वायरमन येईस्तोवर
कुणी बोट लावायचं नाही.
रात्री सवयीनं माझाच हात गेला एकदा
दिव्यासाठी, भांडी काढायला आत शिरले तेव्हा.
कवटी लागली बोटाला. थांबले.

बूट घालायच्या आधी आपटायचा. दोनदा.
आठ दिवस आपटला, काही नाही.
नवव्या दिवशी बेडूक.

टायर उलटे केले, नारळाच्या करवंट्या सुद्धा,
मोरीपाशी फुटक्या माठात
नाचणाऱ्या अळ्या उन्हात ओतल्या.
पत्र्यानं नणंदेचा पाय कापला,
तिला हळद लावू दिली नाही,
साबणानं धुतला, आणि सुई टोचून आणली
चिखलातनं चार मैल चालवून.
तिनं वाटेत मला नाही नाही ते ऐकवलं.

मग तलाठी आले, वही घेऊन.
पडझड? नाही.
जनावर? नाही.
हगवण, उलट्या, ताप? नाही.
पेन तसंच धरून बसले थोडा वेळ.
आमच्यासाठी त्यांच्या कागदात रकाना नव्हता.
बश्या म्हणाला, बेडूक निघाला होता साहेब.
तो त्यांनी लिहिला नाही.

ते गेल्यावर खैरूनबी हसली,
म्हणाली, फुकटच गेलं की सगळं.
मलाही क्षणभर तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू.
दहा किलो पीठ. नऊ रात्री. एवढा धूर.
भिंत तर समोर उभी, कमरेपर्यंत ओल,
वर कोरडी, जशीच्या तशी.

मामंजी उठले,
तळहात टेकवला तिच्यावर, डोळे मिटले.
आम्ही सगळे गप्प,
डॉक्टरच्या तोंडाकडं बघावं तसे.

अजून दोन दिवस, म्हणाले.