के-चौदा

सोमवारी गुळाची अडत बंद.
पावत्यांची शाई बोटावर तशीच घेऊन
मी बाराच्या खेळाला जायची, एकटी,
पर्समध्ये भडंगाची पुडी
आणि घरी सांगितलेलं काहीतरी निराळंच.

पिच्चर चांगला पाहिजे असंही काही नाही.
नायक एका बुक्कीत सहा जण उडवायचा,
पुढून शिट्ट्या, कुणीतरी चिल्लर फेकायचं,
आणि मी अंधारात चपलेतून पाय काढून
फरशीच्या गारव्यावर ठेवायची.
तीन तास कुणी मला काही विचारायचं नाही.
यात कुणाला कमीपणा वाटत असेल तर वाटू दे.

दारावर बाबालाल मुजावर.
खाकी शर्ट, दोन सेलची बॅटरी,
तिच्या काचेवर लाल जिलेटीनचा कागद.
त्याचा उजेड कधी तोंडावर आला नाही.
पायरी, पायरी, मग खुर्चीचा पाय.
‘या, के-चौदा,’ एवढंच बोलायचा
आणि उजेड काढून घ्यायचा.

एकदा बहिणीला सीपीआरमध्ये टेबलावर घेतलेलं.
बाहेरच्या बाकावर मला बसवेना.
‘चहा घेऊन येतो,’ म्हणाले मेहुण्याला
(आम्ही कोल्हापूरच्या बायका ‘येतो’च म्हणतो)
आणि चालत सुटले ती थेट थिएटरात.
कोण असं करतं? मी केलं.

पडद्यावर एक जाडा माणूस शेणात पडला.
अख्खं थिएटर हसलं,
आणि मला हुंदका फुटला,
पुडी तोंडावर दाबून धरली तरी,
शेंगदाणे ओटीत सांडत.

लाल ठिपका रांगेतून आला,
माझ्या चपलांशी थांबला.
पाण्याची बाटली फरशीवर टेकल्याचा आवाज.
ठिपका पुढं गेला,
पोरांना ‘ए, सरकून बसा रे’ म्हणत.
इंटरव्हलनंतर बघते तर
माझ्या दोन्ही अंगाच्या खुर्च्या रिकाम्या.
आणि बाहेर हाऊसफुल्लची पाटी.

शेवटाआधीच उठले.
बहीण वाचली. आता भांडते माझ्याशी
मिसळीत कट कुणाला जादा आला यावरून.
बाटलीचे पैसे मात्र द्यायचे राहिले,
आणि मग थिएटरच गेलं.
खुर्च्या किलोवर विकल्या म्हणे.

परवा गंगावेशीत, दूधकट्ट्यावर, रात्री साडेदहा.
म्हशी रवंथ करतायत, चरवीत धार वाजतीय,
तालमीतली पोरं एका दमात पेले रिकामे करतायत,
आणि कठड्यावर बाबालाल.
फेस कुठला, मिशी कुठली, कळत नव्हतं.

समोर जाऊन उभी राहिले. ओळख नाही.
कशी असणार?
माझं तोंड त्यानं कधी उजेडात बघितलंच नव्हतं.
वळले, चार पावलं टाकली,
चप्पल वाजली, कर्र कर्र,
आणि मागून हाक: ‘के-चौदा!’

‘तुमची डावी जास्त वाजती,’ म्हणाला.
‘अंगठा बदललासा व्हय?’
बदललाय. दोनदा.

दुधाच्या पैशावरून झटापट.
गवळी म्हणाला, ‘कुणाचं तरी घेतो की, भांडताय कशाला?’
शेवटी त्यानं माझे दिले, मी त्याचे.
बाटलीचं काढलं, तर म्हणाला, ‘कुठली बाटली?’
खरंच विसरला होता,
की पुन्हा उजेड काढून घेत होता,
मला ठरवता आलं नाही.

मग एवढी वर्षं अडकलेलं विचारून टाकलं.
‘त्या जाड्या माणसाचं पुढं काय झालं हो?
त्याला ती मिळाली का?’

बाबालालनं पेला पालथा केला, थेंब झटकला.
‘काय म्हाईत, ताई.
तीस वर्सं काम केलं,
एका बी पिच्चरचा शेवट बघितला न्हाई.
शेवटाला आमी दाराकडं.
दार एकदम उघडलं की मान्सांच्या डोळ्यांवर उन येतं.
आदी पडदा सारायचा, जरा जरा,
मग दार.’